‘एक्समस’मधली ती फुली कोणाची?

पत्र:

आमच्या घरात ऐन नाताळाच्या तोंडावर अबोला आहे आणि त्याला कारण एक अक्षर. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. चर्चच्या तरुण संघाच्या वतीनं सगळ्या मंडळीला पाठवायचं शुभेच्छापत्र त्यानं तयार केलं आणि वर मोठ्या सोनेरी इंग्रजी अक्षरांत ‘मेरी एक्समस’ (Merry Xmas) लिहिलं. माझ्या सासऱ्यांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, “प्रभूचं नाव काढलंस आणि तिथे फुली मारलीस? ज्याचा जन्मदिवस, त्यालाच बाहेर काढलंस?” मुलानं फोनवर काहीतरी शोधून त्यांच्यासमोर धरलं, ते ग्रीक अक्षर आहे म्हणून सांगितलं. वर “माहीत नसेल तर बोलू नये, आजोबा” असंही म्हणाला. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. सासऱ्यांनी आयुष्यभर रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलंय, या नातवाकडून शास्त्रवचनं त्यांनीच पाठ करून घेतली. पत्र अजून छपाईला गेलेलं नाही. खरं कोणाचं? ते अक्षर आलं कुठून? मुलाला ते बदलायला सांगू, की सासऱ्यांची समजूत घालू? पाळकसाहेबांच्या कानावर घालावं का?

— दोघांच्या मधे अडकलेली सून


उत्तर:

ताई,

माहितीपुरतं बोलायचं तर तुमचा मुलगा बरोबर आहे. ‘एक्समस’मधली ती फुली हे ख्रिस्ताच्याच नावाचं पहिलं अक्षर आहे. नाव पुसण्यासाठी कोणी ते तिथे बसवलेलं नाही. पण तुमच्या सासऱ्यांना जे लागलं तेही खोटं नाही, आणि हे पत्र कोणाला जाणार आहे याचा विचार केला तर त्यांच्या म्हणण्यात बराच अर्थ आहे. त्यामुळे ‘खरं कोणाचं’ या प्रश्नात घर अडकवू नका. आधी त्या अक्षराची हकीकत सांगते, कारण ती पूर्ण कळली तर तुमच्या घरातला पेच सोडवायला तीच उपयोगी पडेल.

नवा करार लिहिला गेला तो ग्रीक भाषेत. त्यात येशूला लावलेली पदवी ‘ख्रिस्तोस’, म्हणजे अभिषेक झालेला. हिब्रू भाषेतल्या ‘मशीहा’चं ते ग्रीक रूप. या शब्दाचं पहिलं अक्षर ‘खी’. एकमेकींना छेदणाऱ्या दोन तिरप्या रेघा काढल्या की खी झालं, त्यामुळे ते हुबेहूब इंग्रजी एक्ससारखं दिसतं. दुसरं अक्षर ‘ऱ्हो’, ते इंग्रजी पीसारखं दिसतं पण त्याचा उच्चार ‘र’. प्राचीन ग्रीकमध्ये खीचा उच्चार आपल्या ‘ख’सारखा होता. मराठीत आपण ‘ख्रिस्त’ लिहितो तेव्हा त्या पहिल्या अक्षराचा मूळ आवाज आपल्याकडे जवळजवळ जसाच्या तसा राहिलेला असतो. म्हणजे मुलानं सोनेरी रंगात काढलेली ती फुली मराठी डोळ्यांनी वाचायची झाली तर ती ‘ख’ आहे. घोटाळा होतो तो तिला ‘एक्स’ म्हटल्यामुळे. इटलीकडच्या ग्रीक वसाहतींत जी लिपी चालत होती तिच्यात याच आकृतीचा उच्चार ‘क्स’ असा होता. रोमन लिपीनं ती तिथून घेतली आणि पुढे इंग्रजीत तोच उच्चार आला. आकृती एकच राहिली, आवाज दोन झाले.

आता ते नाव पुरं न लिहिता थोडक्यात लिहिण्याची पद्धत कुठली, ते पाहू. सासऱ्यांना हा भाग सगळ्यात जवळचा वाटेल असा माझा अंदाज आहे.

ख्रिस्ती लेखनाच्या जुन्यातल्या जुन्या ज्या प्रती आज हाताशी आहेत त्यांत चार शब्द सहसा पुरे लिहिलेले सापडत नाहीत: देव, प्रभू, येशू आणि ख्रिस्त. नकलकार त्या शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर लिहायचे, कधी मधलं एखादं घ्यायचे, आणि त्यांच्या डोक्यावर एक आडवी रेघ ओढायचे. इ. स. २००च्या सुमाराची एक पपायरसची प्रत आहे, इजिप्तमधून मिळालेली. तिच्यात पौलाची पत्रं आहेत. तिची काही पानं डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहेत आणि काही अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात. तिच्यात ख्रिस्ताचं नाव असंच आखूड करून, वर रेघ देऊन लिहिलंय. सिनाय पर्वताजवळच्या मठात सापडलेल्या, चौथ्या शतकातल्या बायबलच्या प्रसिद्ध प्रतीतही तेच. या शब्दांना अभ्यासक ‘पवित्र नामं’ म्हणतात. लुडविग ट्राउबे या जर्मन विद्वानानं १९०७ साली या विषयावर लिहिलं तेव्हापासून हे नाव रूढ झालं.

कोणीही म्हणेल, पपायरस महाग होता, जागा वाचवली असेल. पण पानं नीट पाहिली की हे पटत नाही. दोन-तीन अक्षरं वाचवून काय मिळणार? त्याच पानांवर समास ऐसपैस सोडलेले असतात, आणि याहून कितीतरी लांबलचक शब्द अक्षरन् अक्षर लिहिलेले असतात. ‘प्रभू’ हा शब्द एखाद्या साध्या मालकासाठी आला तर अनेकदा तो पुरा लिहिलेला दिसतो, आणि परमेश्वरासाठी आला की आखूड, रेघेसह. तेव्हाच्या ग्रीक लेखनात दोन शब्दांमध्ये जागा सोडत नसत, सगळी अक्षरं सलग चालायची. त्या सलग ओळींत डोक्यावर रेघ असलेलं नाव डोळ्यांना लांबूनही दिसे. वाचणारा तिथे आल्यावर सावध व्हावा, आवाज जपून लावावा, असा त्यात भाव असणार. यहुदी परंपरेत परमेश्वराचं नाव लिहिताना आणि उच्चारताना जी काळजी घेत, तिच्याशी याचं नातं असावं असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं, आणि मला ते पटतं. ज्या लोकांनी छळ सोसून ही पत्रं जपली, हातानं उतरवून काढली, त्यांनी ज्याच्यासाठी हे केलं त्याचंच नाव आळसानं तोडलं असेल, हे मनाला पटत नाही.

सासऱ्यांनी कुठे ना कुठे पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची जुनी चित्रं पाहिली असतील. त्यांत प्रभूच्या मस्तकाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अक्षरं असतात. एका बाजूला येशूच्या नावाची पहिली-शेवटची, दुसऱ्या बाजूला ख्रिस्ताची. त्या दुसऱ्या जोडीतलं पहिलं अक्षर हीच फुली. आशीर्वाद देणाऱ्या उजव्या हाताची बोटंही याच चार अक्षरांच्या आकारात वळवलेली असतात. आजही तशीच चित्रं काढतात, आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकणाऱ्या कोणाला प्रभूवर फुली मारल्यासारखं वाटत नाही.

माशाची खूण तर मुलाला माहीत असेलच. ‘येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा’ या ग्रीक शब्दांची आद्याक्षरं जोडली की मासा या अर्थाचा ग्रीक शब्द तयार होतो. त्यातलं दुसरं अक्षर खी.

खी आणि ऱ्हो एकावर एक लिहून जे चिन्ह झालं त्याची गोष्ट कॉन्स्टंटाइन या रोमन सम्राटाशी जोडतात. ३१२ साली रोमजवळ मिल्व्हियन पुलापाशी लढाई झाली, तिच्याआधी त्याला स्वप्नात की आकाशात खूण दिसली आणि ती त्यानं सैन्यापुढे धरली, असं त्या काळचे दोन लेखक सांगतात. त्यांच्या तपशिलांत फरक आहे. ३१५ सालच्या त्याच्या एका चांदीच्या पदकावर मात्र शिरस्त्राणावर हे चिन्ह स्पष्ट आहे. शांतीच्या राजपुत्राचं आद्याक्षर लढाईच्या सरंजामावर चढलं, हे मला स्वतःला फारसं सुखाचं वाटत नाही. पण तिथून पुढे ते चिन्ह थडग्यांवर, दिव्यांवर, फरशांवर सगळीकडे दिसू लागलं. इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यात चौथ्या शतकातली एक रंगीत दगडी फरशी १९६३ साली सापडली. तिच्या मधोमध एका पुरुषाचा चेहरा आहे आणि त्याच्या डोक्यामागे हीच दोन अक्षरं. तो चेहरा ख्रिस्ताचा असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

आणि आता ते पान, जे तुम्ही आजोबा-नातवाला एकत्र दाखवावं असं मला मनापासून वाटतं.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ‘बुक ऑफ केल्स’ नावाची चार शुभवर्तमानांची लॅटिन प्रत आहे. इ. स. ८००च्या सुमारास मठवासी भिक्षूंनी वासराच्या कातड्यावर हातानं लिहिलेली आणि रंगवलेली. मत्तयच्या पहिल्या अध्यायात सतराव्या ओवीपर्यंत वंशावळ चालते, अब्राहामापासून योसेफापर्यंत. ती संपून अठराव्या ओवीला प्रत्यक्ष जन्माची हकीकत सुरू होते, ख्रिस्ताचा जन्म कसा झाला ते सांगायला मत्तय तिथे सुरुवात करतो. आपण ज्याला नाताळ म्हणतो तो शास्त्रात तिथे उगवतो. त्या जागेला आल्यावर या भिक्षूंनी काय करावं? एक अख्खं पान त्यांनी त्या ओवीच्या पहिल्या तीन शब्दांना दिलं. आणि त्या पानाचा बहुतेक भाग व्यापलाय एका अक्षरानं. ते अक्षर म्हणजे खी. तुमच्या मुलाच्या कार्डावरची फुली. वरून खाली वळत गेलेली तिची एक लांब बाहू, तिच्या पोटात चक्रं, चक्रांच्या पोटात आणखी चक्रं, वेलींच्या इतक्या बारीक गाठी की भिंग घेऊन बसावं लागतं. अक्षराच्या कुशीत देवदूत आहेत, तळाशी मांजरं आणि उंदीर आहेत, तोंडात मासा धरलेलं पाणमांजर आहे. सगळी सृष्टी त्या एका अक्षराच्या आधारानं उभी असल्यासारखी वाटते. आणि एवढं सगळं करून त्या पानावर ख्रिस्ताचं नाव लिहिलंय ते तीनच अक्षरांत. पुरं नाही. पहिली दोन ग्रीक अक्षरं, शेवटी लॅटिन विभक्तीचं एक.

लिहिणारे लॅटिनमध्ये लिहीत होते. ग्रीक येणारे त्यांच्यात फार थोडे. तरी या एका नावासाठी त्यांनी ग्रीक अक्षरं सोडली नाहीत, कारण ते नाव तसंच लिहायचं हे पिढ्यान् पिढ्या हाताला शिकवलं गेलं होतं.

तीच सवय इंग्रजी लेखनात आली. जुन्या इंग्रजीत या सणाचं नाव होतं ‘ख्रिस्ताची मिस्सा’, म्हणजे त्या दिवशीची प्रभुभोजनाची उपासना. इ. स. ११००च्या सुमारास अँग्लो-सॅक्सन बखरीच्या एका प्रतीत ते नाव लिहिताना पहिला शब्द ग्रीक खी आणि ऱ्होनं सुरू केलेला आहे. पुढे ऱ्हो गळलं, खी राहिलं. सोळाव्या शतकातल्या इंग्रजी लेखनात फुलीनं सुरू होणारं सणाचं नाव सापडतं. ‘ख्रिस्ती’ हा शब्दही लोक त्याच पद्धतीनं लिहीत. कोलंबसची सही बघा. त्याचं नाव ख्रिस्तोफर, अर्थ ‘ख्रिस्ताला वाहून नेणारा’. पुढे पुढे तो सही करायचा तेव्हा नावाच्या पहिल्या भागासाठी फुलीनं सुरू होणारी ही जुनी अक्षरं लिहायचा आणि दुसरा भाग लॅटिनमध्ये. त्या माणसाविषयी माझं मत चांगलं नाही, पण आपल्याच नावातला ख्रिस्त खोडून टाकायचा त्याचा विचार नव्हता हे नक्की.

आणखी एक गोष्ट मुलाला सांगण्यासारखी आहे. नावाच्या पहिल्या भागावरून आज वाद होतो, पण एके काळी तो दुसऱ्या भागावरून झाला होता. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रॉटेस्टंट लोकांना ‘मस’ खुपत असे. त्यात कॅथलिक मिस्सा दिसते म्हणून त्यांच्यापैकी काही जण ‘ख्रिस्ताचा काळ’ अशा अर्थाचा वेगळा शब्द वापरत. १६४७ साली तर तिथल्या पार्लमेंटनं सणच रद्द केला. प्रभूवर प्रेम करणाऱ्या माणसांनी या सणाच्या नावावरून एकमेकांना दुखावण्याची ही पहिली वेळ नाही.

आता सासऱ्यांकडे येते. त्यांना ती फुली दिसली आणि प्रभूचं नाव खोडल्यासारखं वाटलं. का वाटू नये? आपण फुली मारतो ती चुकीच्या उत्तरावर. यादीतलं नाव कटलं की तिथे फुली. शिवाय १६३७ साली देकार्त या फ्रेंच गणितज्ञानं अज्ञात संख्यांसाठी वर्णमालेतली शेवटची अक्षरं वापरली, तेव्हापासून एक्स म्हणजे ठाऊक नसलेलं काहीतरी. १८९५ साली राँटजेनला जे किरण सापडले त्यांचं स्वरूप कळत नव्हतं म्हणून त्यानं त्यांना एक्स म्हटलं. मराठीत आपण त्यांना क्ष-किरण म्हणतो, बीजगणितात क्ष शोधतो, आणि ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याला ‘क्ष व्यक्ती’ म्हणतो. ज्या माणसानं आयुष्यभर मुलांना ते नाव शिकवलं, त्याला नातवाच्या कार्डावर तारणाऱ्याच्या जागी ‘क्ष’ दिसला. त्यांचं दुःख त्यांच्या भक्तीतून आलंय. ते अज्ञान म्हणून बाजूला सारू नका.

असं वाटणारे ते एकटे नाहीत. १९७७ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याच्या गव्हर्नरांनी पत्रकारांना विनंती केली होती की सणाच्या नावातला ख्रिस्त राहू द्या, एक्समस हे मूर्तिपूजकांचं लेखन आहे. त्यांचं दुसरं वाक्य चुकीचं होतं. पहिलं मात्र अनेकांच्या मनातलं होतं. गेल्या शे-दीडशे वर्षांत हे आखूड नाव सगळ्यात जास्त कुठे दिसलं? जाहिरातींत, सवलतीच्या पाट्यांवर, वेष्टनांवर. तिथे ते जागा वाचवायलाच वापरलं जातं आणि लिहिणाऱ्याच्या मनात खी नसतं. अक्षराचा उगम पवित्र आहे म्हणून प्रत्येक वापर पवित्र होत नाही. तुमच्या मुलानंही ते ग्रीक अक्षर आठवून लिहिलं नव्हतं, बरोबर ना? आधी लिहिलं, आजोबा बोलल्यावर शोधलं. हे त्याला प्रेमानं, पण स्पष्टपणे विचारा.

म्हणजे मुलाशी बोलणं आधी, आणि एकट्यात. ‘आजोबांसमोर माफी माग’ असा हुकूम नको. माहिती मागे घ्यायची काही गरज नाही. मागे घ्यायचं ते “माहीत नसेल तर बोलू नये” हे वाक्य. पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय त्याला वाचायला द्या. तिथे मूर्तीला दाखवलेल्या अन्नाचा वाद आहे. ज्यांना ठाऊक होतं की मूर्ती म्हणजे काहीच नाही, ते खाण्याच्या बाबतीत बरोबर होते, पौलही ते मान्य करतो. पण ज्ञान फुगवतं आणि प्रीती उभारणी करते, असं तो सुरुवातीलाच सांगतो, आणि ज्याचं मन दुबळं आहे त्या भावासाठीही ख्रिस्त मेला याची आठवण करून देतो. मघाशी जिचा उल्लेख केला त्या इ. स. २००च्या प्रतीत हे पत्र आहे. म्हणजे ज्या नकलकारानं हा उपदेश उतरवून काढला त्याचा हात ख्रिस्ताचं नाव त्या फुलीनंच लिहीत होता. मुलगा हुशार आहे. दोन्ही गोष्टी एकाच पानावर कशा नांदतात ते त्याचं त्याला कळेल.

त्याला आणखी एक सांगा. फोनवर जे वाचलं त्यात काही भर चुकीचीही असू शकते, ती आजोबांपुढे नेऊ नकोस. फुली म्हणजे वधस्तंभ, असं पुष्कळ जण सांगतात. तो अर्थ लोकांनी नंतर जोडला, मूळ कारण अक्षर आहे. छळाच्या काळात ख्रिस्ती लोकांनी ‘एक्समस’ ही गुप्त खूण काढली, असंही वाचायला मिळतं. तेही खरं नाही. त्या काळी इंग्रजी भाषा नव्हती आणि डिसेंबरच्या पंचविसाव्या तारखेचा सण असल्याचा सगळ्यात जुना लेखी उल्लेख चौथ्या शतकातल्या रोमचा आहे. शास्त्र शिकवलेल्या माणसासमोर अर्धवट गोष्ट नेली तर खरी गोष्टही वाया जाते.

मग सासरे. त्यांची समजूत तुम्ही घालू नका. सुनेनं सासऱ्यांना पटवायचं आणि नातू जिंकायचा, असं ते होईल. मुलालाच पाठवा, शुभवर्तमान हातात घेऊन. त्यानं आजोबांना मत्तयचा पहिला अध्याय वाचायला सांगावा, सतरावी ओवी संपली की थांबवावं, आणि केल्सचं ते पान समोर ठेवावं. ट्रिनिटी कॉलेजनं त्या हस्तलिखिताची छायाचित्रं सर्वांसाठी खुली ठेवली आहेत, मोठी करून पाहता येतात. जमल्यास ते पान कागदावर काढून द्या, म्हणजे मधे फोन येणार नाही. त्या फोननं एकदा त्यांचा अपमान झालेला आहे. पुढचं बोलणं मुलानं प्रश्न विचारून सुरू करावं: इथे हे असं का लिहिलं असेल, आजोबा? रविवारच्या शाळेचे शिक्षक आहेत ते. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर शोधायची त्यांना सवय आहे.

कदाचित त्यांना सगळं पटेल आणि तरीही ते म्हणतील, मला नाही आवडत. तेवढ्यावर थांबा. उगम कळूनही एखाद्याला नाव पुरं लिहिलेलंच हवं असेल तर तो त्याचा हक्क आहे.

राहिलं कार्ड. यात माझं मत सासऱ्यांच्या बाजूनं आहे. हे पत्र सगळ्या मंडळीला जाणार आहे. त्यात तुमच्या सासऱ्यांसारखी कितीतरी वडीलधारी माणसं असतील, त्यांच्या हातात पत्र पडेल तेव्हा शेजारी बसून ग्रीक समजावणारं कोणी नसेल. जुन्या नकलकारांच्या वाचकांना त्या रेघेचा अर्थ ठाऊक होता, म्हणून ती खूण आदराची ठरली. तुमच्या मंडळीतल्या बहुतेकांना तो ठाऊक नसेल तर तीच खूण त्यांच्यापर्यंत उलट्या अर्थानं पोचेल. म्हणून मथळ्यात नाव पुरं लिहावं. इंग्रजीत हवं तर इंग्रजीत, पण पुरं.

आणि मुलाचं ते सोनेरी अक्षर वाया घालवू नका. त्यानं मधोमध खी आणि ऱ्हो ही जोडी काढावी, जितकी सुंदर काढता येईल तितकी. खाली एका ओळीत लिहावं की ही ग्रीक भाषेतल्या ‘ख्रिस्त’ या नावाची पहिली दोन अक्षरं आहेत. नुसत्या एक्सपेक्षा ही जोडी बरी, कारण ती पाहून गणितातला अज्ञात कोणाला आठवत नाही. ती ओळ लिहायचं काम आजोबांना द्या. आतल्या पानावर कोणतं वचन घालायचं तेही त्यांनीच निवडू दे.

पाळकसाहेबांकडे हे प्रकरण म्हणून नेऊ नका. तिथे नेलं की एकजण हरणार, आणि दोघांनाही पुढचे कित्येक रविवार त्याच बाकांवर बसायचंय. कार्ड तयार झाल्यावर ते पाळकांना दाखवायला दोघांनी मिळून जावं आणि त्या अक्षरांविषयी तरुण संघात थोडा वेळ बोलू द्याल का, असं विचारावं. मुलानं इतिहास सांगावा, शास्त्रपाठ आजोबांनी वाचावा.

छपाईला देण्याआधी मजकूर एकदा मोठ्यानं वाचून घ्या. दुसऱ्या कोणाच्या पत्रावर किंवा फलकावर एक्समस दिसलं तर घरात ते ‘ख्रिसमस’ असंच वाचायचं. इंग्रजी शब्दकोशही तो उच्चार देतात आणि फुलीचा मूळ आवाज पाहता तोच बरोबर आहे.